‘आफ्रिकन सिक्लिड’ : एक नाव, अनेक बिऱ्हाडे

वस्तूला नाव देणे म्हणजे तिचे वर्गीकरण करणे होय, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. वर्गीकरण सदोष असेल तर त्याचे परिणाम बहुधा कागदापुरतेच राहतात. पण काही क्षेत्रांत ते मुक्या जिवांना भोगावे लागतात. रंगीत मासे पाळण्याचा छंद हे असे एक क्षेत्र आहे. ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एकाच नावाखाली विकले जाणारे मासे केवळ रंग पाहून एका टाकीत सोडले, तर थोड्याच दिवसांत काही मासे फाटक्या परांनी कोपऱ्यात दडून बसतात व काही दगावतात. यांपैकी कोणते मासे एकत्र नांदू शकतात, हे ठरविण्याच्या कामी दुकानातील नावापेक्षा आफ्रिकेतील कोळ्यांचे शब्द अधिक उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम भूगोल पाहू. हे मासे मुख्यतः मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या पूर्व आफ्रिकेतील तीन सरोवरांतून आले. तिन्हींचे पाणी सारखे नाही. टांगानिकाच्या पाण्याचा सामू ९ च्या आसपास असतो. मलावीचा सामान्यतः ८ च्या आगेमागे. म्हणून निवडीचा पहिला नियम असा की, एका टाकीत शक्यतो एकाच सरोवराचे मासे ठेवावेत. केवळ कुळ एक असणे पुरेसे नाही. ‘एंजल’ हा लोकप्रिय मासाही सिक्लिडच आहे. परंतु तो दक्षिण अमेरिकेतील मृदू पाण्याचा रहिवासी असल्यामुळे या मंडळींत त्याला स्थान नाही.

परंतु एका सरोवराचे मासे तरी परस्परांशी जुळतातच असे नाही. येथे मलावीकाठच्या बांटू भाषांतील दोन शब्द आपल्या मदतीस येतात. खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना टोंगा भाषेत ‘म्बुना’ म्हणतात. आपण त्यांना ‘शिलामत्स्य’ म्हणू. खुल्या पाण्यात थव्याने फिरून सूक्ष्म प्लवक खाणाऱ्या माशांना ‘उटाका’ असे नाव आहे. ही नावे रंगावरून पडलेली नाहीत. वस्ती आणि वर्तन यांवरून पडलेली आहेत. शास्त्रज्ञांनी हे शब्द तसेच उचलले. जेफ्री फ्रायर यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या या किनाऱ्यावरील माशांच्या अभ्यासातही ‘म्बुना’ हीच संज्ञा आहे.

या दोन शब्दांतून निवडीचे पुढील नियम जवळजवळ आपोआप निघतात. म्बुना खडकावरील शेवाळ खरवडून खातात. त्यामुळे त्यांचे आतडे लांब असते आणि मांसल खाद्याचा अतिरेक झाल्यास त्यांना पोटफुगीचा विकार जडतो. वाळूवर वावरणाऱ्या ऑलोनोकारा, म्हणजे ‘पीकॉक’ माशांचे मात्र लहान जलकीटकांवाचून भागत नाही. दोघांना एका पंक्तीस बसविले की एकाचे अन्न ते दुसऱ्याचे अपथ्य होते. शिवाय म्बुना आपल्या कपारीचे त्वेषाने रक्षण करतात. शांत स्वभावाच्या ऑलोनोकाराचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. लॅबिडोक्रोमिस सीरूलियस हा पिवळा मासा म्बुनांत सौम्य गणला जातो. उलट मेलॅनोक्रोमिस ऑरॅटस इतका भांडखोर की नवशिक्याने तो टाळलेलाच बरा.

रंगाचाही विचार करावा लागतो, पण तो शोभेसाठी नव्हे. नर आपल्याच रंगाच्या नराला प्रतिस्पर्धी समजतो. म्हणून सारख्या रंगाच्या व ठेवणीच्या दोन जाती एकत्र घेऊ नयेत. एका नरामागे किमान तीन माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाही. निकटच्या जातींच्या माद्या दिसावयास सारख्या असल्याने संकरही सहज घडतो. व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी गढूळ झाल्यामुळे रंगावरून जोडीदार ओळखणे माशांना दुर्घट होऊन जातींमधील सीमा पुसट होत असल्याचे ओले झेहाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. टाकीतही निवडीस वाव उरला नाही की तेच होते.

वाशीम जिल्ह्यातील छांदिष्टाला एक अनुकूलता आहे. येथील बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते, आणि मलावीच्या माशांना तसेच पाणी मानवते. तरीही सामू तपासून घेणे इष्ट. प्रतिकूलता उन्हाळ्याची. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; म्बुना तर भांडण विभागले जावे म्हणून दाटीनेच ठेवण्याची रीत आहे. तेव्हा हवा पुरविणारा पंप व गाळणी यांत काटकसर करू नये, आणि टाकी चार फुटांहून आखूड नसावी.

शेवटी एका परिचित शब्दाकडे वळू. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी १८४० साली ‘टिलापिया’ ही संज्ञा योजली. तिचे मूळ त्स्वाना भाषेतील ‘मासा’ या अर्थाच्या ‘त्लापी’सारख्या उच्चाराच्या शब्दात सांगतात. मोझांबिकचा टिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला, आणि मराठीत टिलापियाचा ‘चिलापी’ झाला. तोही आफ्रिकन सिक्लिडच. आज तो उजनीसारख्या जलाशयांत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणास आठवत नाही. शब्द भाषेत रुळला तर भाषा संपन्न होते. मासा पाण्यात रुळला तर तेथील मूळच्या माशांची जागा आकुंचित होते. व्हिक्टोरियात १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्चने पुढे तेथील सिक्लिडांच्या शेकडो जातींचा ऱ्हास घडविला, हे उदाहरण समोर आहेच.

वाशीम जिल्हा जलविभाजकावर वसला आहे. काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगेचे पाणी अखेर गोदावरीत जाते. टाकीत न जुळलेला मासा येथील ओढ्यात सोडणे म्हणजे दोहोंपैकी एका खोऱ्याचे दार त्याला उघडून देणे होय. तो दुकानदारास परत करावा किंवा दुसऱ्या छांदिष्टास द्यावा. सर्वांत उत्तम म्हणजे विकत घेण्यापूर्वीच दोन प्रश्न विचारावेत : हा कोणत्या सरोवराचा, आणि तेथे तो खडकावर राहतो, वाळूवर की खुल्या पाण्यात? ‘आफ्रिकन सिक्लिड’ हे नाव या प्रश्नांची उत्तरे देत नाही. ‘म्बुना’ आणि ‘उटाका’ हे शब्द देतात.