चुंबकाचा जोर आणि चिवटपणा

विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारींत जो चुंबक बसविलेला असतो, त्याच्याकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतों. त्यानें जोरानें ओढलें पाहिजे, आणि मोटार तापली तरी आपलें चुंबकत्व सोडतां कामा नये. हे दोन गुण एकत्र नांदविण्यासाठीं शास्त्रज्ञांना कोणती तडजोड करावी लागली, तें आज पाहूं.

१९८३ सालीं जपानांत मासातो सागावा यांनीं व अमेरिकेंत जॉन क्रोट यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा चुंबक जाहीर केला. हा साधा मिश्रधातु नव्हे. सोनार सोन्यांत तांबें कमीअधिक घालूं शकतो. येथें मात्र निओडिमियमचे २, लोखंडाचे १४ व बोरॉनचा १ परमाणु हें प्रमाण ठरलेलें. पंगतींत प्रत्येकाचा पाट नेमलेला असावा, तसें स्फटिकांत प्रत्येक परमाणूचें स्थान नियत असतें. ओढण्याचें बळ मुख्यत्वें लोखंडाचें. निओडिमियम त्या बळाला एका दिशेस जखडून ठेवतो.

उष्णतेपुढें ही पकड सैल होते. सुमारें ३१२ अंश सेंटिग्रेडला चुंबकत्व लोपतेंच; पण त्याच्या पुष्कळ आधीं, १५० अंशांच्या आसपास, मोटारींतील उलट चुंबकीय क्षेत्र या चुंबकाला नामोहरम करूं शकतें. म्हणून निओडिमियमच्या कांहीं पाटांवर डिस्प्रोसियम बसवितात. सामान्य उष्णमानास त्याची पकड जवळजवळ दुप्पट आहे. मात्र निओडिमियमचें चुंबकत्व लोखंडाच्या दिशेनें उभें राहतें, तर डिस्प्रोसियमचें त्याच्या नेमकें विरुद्ध. परिणामीं दोहोंची वजाबाकी होते. चिवटपणा वाढतो, जोर घटतो.

यावर एक सुंदर तोड निघाली आहे. चुंबक बारीक कणांचा बनलेला असतो, आणि दिशा उलटण्यास आरंभ बहुधा कणाच्या कडेपासून होतो. तेव्हां डिस्प्रोसियम सर्वत्र न मिसळतां, तयार चुंबकावर त्याचा लेप देऊन तो तापवितात. धातु कणांच्या सीमांवाटे आंत झिरपतो आणि कडा तेवढ्या बळकट होतात. गाभ्यांतील जोर शाबूत राहतो, व हा महाग धातुहि थोडा लागतो.

ही काटकसर केवळ पैशाची नव्हे. १८८६ सालीं फ्रेंच रसायनज्ञ लेकॉक द ब्वाबोद्रां यांनीं या धातूला जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थच ‘हातीं लागण्यास कठीण’ असा आहे. त्याचा पुरवठा बहुतांशीं चीनच्या हातीं आहे. एप्रिल २०२५ मध्यें चीननें डिस्प्रोसियमसह सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचें बंधन घातलें, आणि त्याची झळ भारतांतील वाहन-कारखान्यांनाहि लागली. केरळ, तामिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूंत मोनाझाइट आहे. त्यांतून निओडिमियम मिळतें, पण डिस्प्रोसियम अत्यल्पच. म्हणून जेथें हा धातु चिमूटभर पुरतो तेथें मूठभर न वापरण्याची विद्या आपल्या तरुणांनीं अवश्य हस्तगत करावी.