चाइल्ड सीटलाही मुदत असते

मोटारीतल्या चाइल्ड सीटची मुदत उत्पादक कंपनी ठरवते. बहुतेकदा ती बनावटीच्या तारखेपासून 6 ते 10 वर्षे असते. सीट उलटी केली की तळाच्या प्लास्टिकवर ही तारीख, किंवा बाणाने महिना दाखवणारा गोल ठसा सापडतो.

मुख्य कारण प्लास्टिकचा सांगाडा. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत तो कितीतरी वर चढतो. रोजचे तापणे-निवणे आणि अतिनील किरणे यांनी प्लास्टिक ठिसूळ होते. बारीक तडे कापडाखाली झाकलेले राहतात. धडकेच्या क्षणी मात्र सांगाडा धक्का सोसण्याऐवजी फुटू शकतो. पट्ट्यांचे धागेही उन्हाने कमजोर होतात. सांडलेले दूध, बिस्किटांचा चुरा बकलमध्ये साचला की खटका नीट बसत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरलेल्या गाड्यांतल्या सीट तर मुदत शिल्लक असली तरी बादच समजायला हव्यात. बकलच्या आत गेलेला गाळ धुऊन पुरता निघत नाही.

शिवाय मानके बदलतात. युरोपीय संघात जुन्या आर 44 मानकाच्या सीटची विक्री सप्टेंबर 2024 पासून बंद झाली; नव्या आर 129 मध्ये बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते.

मुदत संपलेली सीट भंगारात देताना पट्टे कापून टाकावेत, म्हणजे ती दुसऱ्या मुलाच्या वाट्याला जात नाही.