घरची पवनचक्की : परवडते कोणाला?

साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर फिरणारी पाती पाहिली, की आपल्या गच्चीवरही पवनचक्की असावी, असे अनेकांना वाटते. मात्र ती परवडेल की नाही, हे यंत्राच्या किमतीपेक्षा वाऱ्यावर अधिक अवलंबून असते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, की त्यातील शक्ती एक-अष्टमांश उरते. सेकंदाला ११ मीटर वेगाच्या वाऱ्यात १ किलोवॅट वीज देणारे यंत्र साडेपाच मीटरच्या वाऱ्यात जेमतेम १२५ वॅट देते; कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो! शहरात इमारतींमुळे वारा अडतो. तेथे सौरसंचच सोयीचा. उघड्या माळावरील, वीजवाहिनीपासून दूरच्या घराला मात्र पवनचक्की खरा आधार ठरू शकते. म्हणून आधी वर्षभर वारा मोजावा. मगच बचतीला हात घालावा.