अत्याचारानंतर लेक सावरते कशी?

कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली हल्ली मोबाईलवर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतात. त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. मुलीवर अत्याचार झालेला असतो. तिचा माणसांवरचा विश्वास उडालेला असतो. मग कॉलेजात एक समजूतदार मुलगा येतो, तिच्यावर जीव लावतो आणि शेवटच्या पानापर्यंत ती पूर्ण बरी होते.

या गोष्टीत एक खरं आहे आणि एक खोटं. उडालेला विश्वास परत येऊ शकतो, हे खरं. प्रेम हे त्यावरचं औषध आहे, हे खोटं. आपल्या वस्तीत हेच खोटं वेगळ्या शब्दांत ऐकू येतं : "लग्न लावून द्या, संसारात पडली की विसरेल." नर्स म्हणून ड्युटी करताना आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना मी हे वाक्य अनेकदा ऐकलं. पोरीचं कॉलेज बंद होतं, घाईने सोयरीक होते आणि न भरलेला घाव घेऊन ती सासरी जाते. म्हणून या अंकात आपण घाव म्हणजे नक्की काय आणि तो भरतो कसा, ते समजून घेऊ.

"ओरडली का नाही?"

हा प्रश्न सर्वात आधी विचारला जातो आणि सर्वात जास्त तोच दुखावतो. मोठा धोका समोर आला की शरीर तीनपैकी एक काही करतं : लढतं, पळतं किंवा थिजतं. थिजणं आपण ठरवून करत नाही. हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही. सापासमोर बेडूक जागच्या जागी राहतो, तसंच. अंगावर ओरखडा नाही म्हणजे तिची संमती होती, असं मुळीच नाही.

हे न समजल्यामुळे काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हेच ते मथुरा प्रकरण. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं. पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं होतं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की, घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती कशी? देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आज कायदा स्पष्ट सांगतो : केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती संमती ठरत नाही. न्यायालयाला समजायला इतकी वर्षं लागली. आपल्या घरात तरी हा प्रश्न आजपासून बंद करू या.

नंतर मनात काय चालतं?

लोहारा तालुक्यातल्या माणसांना हे समजायला अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त झाली. त्यानंतर कित्येक महिने लोक छताखाली झोपायला तयार नव्हते. भांडं पडलं तरी उठून बाहेर पळायचे. जमीन थांबली होती, पण शरीराला ते पटत नव्हतं. त्या माणसांना आपण वेडं म्हटलं नाही.

अत्याचार झालेल्या मुलीचंही असंच होतं. धोका गेलेला असतो, पण शरीर पहारा सोडत नाही. झोप लागत नाही, वाईट स्वप्नं पडतात. मागून कोणी आलं की ती दचकते. एखादा वास, आवाज किंवा रस्ता आला की तोच प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटून घाम फुटतो. काही मुली पुन्हा पुन्हा अंघोळ करतात, काही चिडचिड करतात, तर काही अगदी हसतखेळत राहतात. ती हसली म्हणून "हिला काही वाटतच नाही" असं म्हणू नका. प्रसंग तुकड्यातुकड्यात आठवतो, क्रम चुकतो. म्हणजे ती खोटं बोलतेय असं नाही.

बऱ्याच जणींचा हा त्रास काही आठवड्यांत कमी होऊ लागतो. महिना उलटूनही तो तसाच राहिला, शाळा-कॉलेज किंवा जेवणखाण सुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. या आजारावर समुपदेशन आणि गरज पडल्यास गोळ्या, असे चांगले उपचार आहेत. "मरून जावंसं वाटतं" असं ती म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध आधी हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिल्या दिवसांत दवाखान्यात का जायचं?

पोलिसांत जायचं की नाही हे ठरलं नसलं, तरी दवाखान्यात जाणं थांबवू नका. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा वेळी ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे, असा कायदा आहे. ते नाकारणं हा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण आधी तक्रार नोंदवून या, मग उपचार करू, असं कोणीही म्हणू शकत नाही.

• गर्भ राहू नये म्हणून गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी. पाच दिवसांपर्यंत तिचा काही उपयोग होऊ शकतो, पण जितकी लवकर तितकी चांगली.

• एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध ७२ तासांच्या आत सुरू करायचं आणि पूर्ण २८ दिवस घ्यायचं. मध्ये सोडायचं नाही.

• धनुर्वात, कावीळ ब आणि इतर लैंगिक आजारांसाठीही उपचार मिळतात.

• शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदात गुंडाळून न्यावेत, प्लास्टिकमध्ये नको. अंघोळ झाली असेल तरी जायचंच.

• तपासणीला तिची परवानगी लागते. बारा वर्षांखालच्या मुलीसाठी पालक परवानगी देतात. "एवढंच तपासा, ते नको" असं सांगण्याचा तिला हक्क आहे. कौमार्य पाहण्यासाठी केली जाणारी दोन बोटांची चाचणी २०१३ आणि पुन्हा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली आहे. कोणी ती करू लागलं तर नाही म्हणा.

• गर्भ राहिलाच तर २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. गावठी इलाज करू नका.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावायला सांगा. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचं संरक्षण आहे, म्हणून जातीचा दाखला जवळ ठेवा. मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा.

विश्वास परत कसा येतो?

अत्याचार करणारा तिचं "नाही" हिरावून घेतो. तिच्या शरीराबद्दल दुसऱ्याने ठरवलं, हा खरा घाव. म्हणून उपचारही तिथेच : ठरवणं तिच्या हातात परत द्यायचं. दिवा चालू ठेवायचा की बंद? दार लोटायचं की उघडं? आज बोलायचं की नाही? कोणाला सांगायचं? अशा छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा. आईनेही जवळ घेण्याआधी विचारावं, "जवळ घेऊ का गं?"

वडिलांना आणि भावांना राग येतो, ते समजतं. पण तुमच्या आरडाओरड्याने तिला तुम्हालाच सांभाळावं लागतं. "तुझी चूक नाही, मी तुझ्यासोबत आहे," एवढं म्हणा आणि तसं वागा. तपशील खोदून विचारू नका. गल्लीत सांगू नका. तिचं नाव छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे.

कॉलेज बंद करू नका. मैत्रिणीसोबत एसटीने जाऊ द्या, वाटल्यास काही दिवस कोणीतरी सोडायला जा. वर्गात बसणं, परीक्षा देणं, स्वतःचं नाव हजेरीत ऐकणं, यातून आपलं आयुष्य आपलंच आहे हे तिला पटतं. प्रकरण कॉलेजातलंच असेल तर प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, तिथे लेखी तक्रार द्या.

पुढे कधीतरी तिला कोणी आवडेल, लग्नही करावंसं वाटेल. तो तिचा निर्णय. झालेलं सांगायचं की नाही, हेही तिनेच ठरवायचं. मुलींनो, माणूस ओळखायची एक खूण सांगते. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणत जो घाई करतो, मोबाईल तपासतो, त्याच्यापासून सावध राहा. तुम्ही "थांब" म्हटल्यावर जो थांबतो आणि रुसत नाही, त्याच्यासोबत विश्वास हळूहळू वाढू शकतो. मुलांनो आणि नवरेमंडळींनो, तुम्ही तिला बरं करणार नाही. ती स्वतः बरी होताना तुम्ही फक्त वाट अडवू नका.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. कोर्टाची तारीख आली, तो माणूस बाजारात दिसला की पुन्हा चार दिवस वाईट जातात. तेव्हा पाय जमिनीवर घट्ट टेकवा, श्वास सावकाश सोडा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. शरीराला कळतं की आपण आज इथे आहोत, त्या दिवशी तिथे नाही.

हे नंबर घरात लिहून ठेवा : तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाईन १८१, मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मोफत कायदेशीर मदत १५१००. आणि हे पान आपल्या लेकींसोबत बापांना आणि भावांनाही वाचायला द्या.