फोटोवरची चमकी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी सरली की गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे तिथल्या लोकरंगभूमीचं, नाटक रंगतं, आणि दोन्हींच्या आधी चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. नाटकाच्या नावावर चमकी, नायिकेच्या साडीवर चमकी, शुभेच्छुकांच्या फोटोंभोवतीही चमकीच. मात्र बऱ्याचदा ती चमकत नाही. सांडलेल्या साखरेसारखी नुसती पसरलेली दिसते. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. चमक म्हणजे काय, याबद्दलच्या समजुतीच चुकीच्या असतात.

खरी चमक कशी असते हे पाहायला तिरोडा तालुक्यातला चोरखमाऱ्याचा तलाव उत्तम. कलत्या उन्हात त्या पाण्याकडे नीट पाहिलं, तर पुढचे निम्मे गैरसमज तिथेच सुटतील.

गैरसमज : ठिपके जितके जास्त, तितकी चमक जास्त.

वस्तुस्थिती : नेहमीच्या चित्रात पांढऱ्याची कमाल पातळी २५५. त्यापलीकडे पडदा उजळू शकत नाही. म्हणून ठिपका झळकतो तो स्वतःच्या उजेडामुळे कमी आणि भोवतालच्या काळोखामुळे जास्त. खऱ्या चमकीचा प्रत्येक कण हा इवलासा सपाट आरसा असतो. ज्याचा कोन नेमका जुळतो तोच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतो, बाकीचे त्या क्षणी मंद असतात. चित्रातही हेच प्रमाण हवं. आधी गडद रंगाचा थर, त्यावर नॉइज (अस्ताव्यस्त ठिपके), मग कण थोडे मोठे व्हावेत म्हणून हलका ब्लर, आणि शेवटी लेव्हल्स किंवा थ्रेशोल्ड वापरून फक्त सर्वांत उजळ मोजके कण शिल्लक ठेवायचे. नुसता नॉइज टाकून थांबलं तर चमकी होत नाही, करडा खरखरीतपणा होतो.

गैरसमज : चमकी कुठेही टाकली तरी चालते.

वस्तुस्थिती : तलावाचं सगळं पाणी कधीच चमचमत नाही. सूर्याच्या दिशेने एक पट्टा उजळतो, बाकीचं पाणी सावळं राहतं. पाणी संथ असेल तर सूर्याचं एकच प्रतिबिंब दिसतं. वारा सुटला की लाटांचे उतार वाढतात आणि पट्टा रुंदावतो. हे नातं इतकं पक्कं आहे, की चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी विमानातून काढलेल्या समुद्राच्या फोटोंमधल्या चमचमाटावरून लाटांचे उतार मोजले. त्यांचं काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा सूर्यास्ताच्या फोटोत चमकी घालायची तर ती सूर्याखालच्या पट्ट्यातच, आणि उन्हाच्या केशरी छटेची. साडीवर घालायची तर घडीच्या ज्या कडेवर दिव्याचा उजेड पडलाय तिथे. बाकीचा भाग लेयर मास्कने झाकावा.

गैरसमज : चांदण्यांचे आकार वेगवेगळ्या कोनांत फिरवले की अस्सल वाटतं.

वस्तुस्थिती : होतं उलटंच. फोटोत दिव्याभोवती दिसणारे किरण कॅमेऱ्याच्या आत तयार होतात; भिंगातल्या छिद्राच्या पात्यांपाशी प्रकाश वळून पसरतो. पात्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण, विषम असेल तर दुप्पट : सहा पात्यांचे सहा, सात पात्यांचे चौदा. एका फोटोतल्या सगळ्या चांदण्या एकाच भिंगातून आलेल्या असतात, म्हणून त्यांचे किरणही सारख्याच कोनांत रोखलेले असतात. एक सरळ, दुसरी तिरकी दिसली की डोळ्याला खोटेपणा जाणवतो, कारण सांगता आलं नाही तरी. लहानमोठ्या मात्र जरूर कराव्यात.

गैरसमज : काळ्या पार्श्वभूमीवरची चमकी वापरायची तर काळा भाग कापून काढावा लागतो.

वस्तुस्थिती : कापायला गेलं की कणांच्या कडा कुरतडल्या जातात. तो थर फोटोवर ठेवून ब्लेंड मोड ‘स्क्रीन’ करा. ‘स्क्रीन’च्या गणितात काळ्याचा परिणाम शून्य असतो. काळं आपोआप नाहीसं होतं, उजळ कण खालच्या रंगात मिसळतात.

गैरसमज : लुकलुकणाऱ्या चमकीला पुष्कळ फ्रेम लागतात.

वस्तुस्थिती : तीन पुरतात. ऑर्कुट या समाजमाध्यमाच्या काळात (२००४ ते २०१४) स्क्रॅपबुकात झळकणाऱ्या नावांमागे बहुधा एवढीच करामत असे : तीन थर, प्रत्येकात कणांची मांडणी वेगळी, आणि प्रत्येक थर सेकंदाचा दहावा भाग दाखवायचा. कण इतके असतात की कुठला विझला आणि कुठला पेटला याचा माग डोळा ठेवू शकत नाही. अशी हलती चित्रं साठवणाऱ्या, १९८७ मध्ये आलेल्या जीआयएफ फाइलला एका फ्रेममध्ये २५६ रंगांचीच मर्यादा आहे, म्हणून चमकीत मोजके रंग ठेवलेले बरे. मात्र अख्ख्या चित्राची उघडझाप होऊ नये. मोठा भाग सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखला तर प्रकाशाने झटके येणाऱ्या रुग्णांना धोका असतो.

गैरसमज : पाठवल्यावर चमकी पुसट झाली, म्हणजे मोबाइल खराब.

वस्तुस्थिती : जेपीईजी पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि त्यांतला बारीक चढउतार आधी टाकून देते. चमकी म्हणजे निव्वळ बारीक चढउतार. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना तो आणखी दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

गैरसमज : पडद्यावर झळकतं ते फ्लेक्सवरही झळकेल.

वस्तुस्थिती : पडदा स्वतः प्रकाश देतो, फ्लेक्स देत नाही. छपाईतला सर्वांत उजळ ठिपका म्हणजे फ्लेक्सचा कोरा पांढरा भाग. सोनेरी रंगसुद्धा पिवळ्या-तपकिरी शाईचा भास असतो. लग्नपत्रिकेवरची खरी सोनेरी झळाळी उष्णतेने दाबलेल्या फॉइलची असते. तिच्यासाठी चमकी काढायची नसते, फॉइलचा भाग निव्वळ काळ्या रंगात वेगळा द्यायचा असतो.

शिवाय अंतराचा हिशेब आहेच. ७२ डीपीआयच्या (इंचाला ७२ ठिपक्यांच्या) फ्लेक्सवर एक पिक्सेल साधारण ०.३५ मिलिमीटरचा असतो. वीस फुटांवरून निकोप डोळ्याला पावणेदोन मिलिमीटरच्या आतले शेजारशेजारचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे पाच पिक्सेलपेक्षा लहान कण रस्त्यावरून पाहणाऱ्याला एकमेकांत मिसळलेलेच दिसणार.

गैरसमज : यासाठी महागडं सॉफ्टवेअरच लागतं.

वस्तुस्थिती : मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये थर, मास्क, नॉइज, स्क्रीन मोड हे सगळं आहे. त्यातला ‘स्पार्कल’ फिल्टर तर चित्रातल्या सर्वांत उजळ जागा स्वतः हुडकून तिथेच किरण काढतो.

काम संपल्यावर चमकीचा थर एकदा बंद करून पाहा. खालचा फोटो चमकीशिवायही उठावदार दिसत असेल, तरच ती शोभेल. सपाट वाटला, तर चमकी वाढवू नका. आधी फोटोतल्या सावल्या गडद करा.