हयातीतच उभं राहिलेलं स्मारक

गॉलच्या मैदानावरचा कसोटी सामना टीव्हीवर पाहिला असेल, तर हा मनोरा तुमच्या नजरेखालून नक्की गेलाय. २०१० मध्ये मुरलीधरनने प्रज्ञान ओझाला बाद करून आठशेवा बळी घेतला, ते हेच मैदान. मैदानामागे काळपट तट, तटावर बसून फुकटात सामना बघणारी माणसं आणि त्या सगळ्यांच्या वर सुमारे २५ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या या बंदरात पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये तटबंदी घातली. १६४० मध्ये डचांनी ती जिंकली आणि आजचा भक्कम किल्ला उभा केला. डचांची हुशारी बघा: गावाखालून त्यांनी अशी गटारं काढली की भरती-ओहोटीचं पाणीच ती धुऊन काढेल! किल्ल्याच्या तीन अंगांना समुद्र. हल्ल्याची भीती जास्त जमिनीकडून. म्हणून त्या बाजूला तीन दांडगे बुरूज: सूर्य, चंद्र आणि तारा. १७९६ मध्ये किल्ला इंग्रजांकडे आला. सूर्य आणि चंद्र बुरुजांच्या मधला तट फोडून त्यांनी १८७३ मध्ये नवा दरवाजा काढला. आणि दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, चंद्र बुरुजावर घड्याळ आलं.

कुणासाठी? तिथल्या बर्गर समाजातल्या, म्हणजे युरोपीय वंशाच्या स्थानिक समाजातल्या, एका डॉक्टरसाठी. पीटर डॅनियल अँथोनिस यांचा जन्म गॉलचाच, १८२२ चा. इंग्लंड आणि एडिंबरा इथल्या शल्यचिकित्सेच्या पदव्या मिळवणारे ते पहिले सिलोनी, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेतले, डॉक्टर. मनोऱ्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. घड्याळ दिलं सॅमसन डी अब्रू राजपक्ष या मुदलियारांनी, म्हणजे एका स्थानिक मानकऱ्याने. डॉक्टरांच्या हातून बरा झालेला हा रुग्ण. उपकाराची फेड म्हणून त्याने सगळ्या गावाला वेळ दिली.

आता यातली खरी गंमत. अँथोनिस वारले १९०३ मध्ये. म्हणजे आपल्या ‘चिरंतन स्मृती’साठी बांधलेला मनोरा हा माणूस पुढची वीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता! आपल्याकडे माणूस गेल्यावर पुतळ्याची समिती नेमतात. गॉलकरांनी तेवढी वाट पाहिली नाही.

काळही मोठा विलक्षण निवडला. तोवर गॉल हे सिलोनचं महत्त्वाचं बंदर होतं. युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी इथे कोळसा भरायला थांबत. पण बंदराच्या तोंडाशी खडक, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे थेट आत घुसत. १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोलंबोच्या लाटारोधक भिंतीची पायाभरणी झाली, १८८५ मध्ये ती पुरी झाली आणि बोटींनी मुक्काम हलवला. मनोरा झाला तो नेमका या दोन वर्षांच्या मधे. बंदराचे चांगले दिवस सरत असताना गावाने पैसा घातला तो एका डॉक्टरचे आभार मानायला.

पुढे तोच ऱ्हास किल्ल्याच्या पथ्यावर पडला. धंदा कोलंबोला गेल्यामुळे जुनं पाडून नवं बांधायची घाई इथे कुणाला नव्हती. १९८८ मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत शेजारचं मैदान उद्ध्वस्त झालं, पुन्हा कसोटी व्हायला २००७ चा डिसेंबर उजाडला. पण तटाच्या आतलं गाव बऱ्याच अंशी बचावलं.

श्रीलंकेला गेलात तर कोलंबोहून समुद्राच्या कडेकडेने जाणारी रेल्वे गॉलला नेते. तटावर फिरायला तिकीट लागत नाही. चंद्र बुरुजावर थांबून मनोऱ्यावरची पाटी जरूर वाचा. पोर्तुगीज, डच, इंग्रज अशा तीन सत्ता पाहिलेल्या या किल्ल्यातली ही डोळ्यात भरणारी खूण कुठल्या राजाची किंवा गव्हर्नरची नाही. ती गावच्या डॉक्टरची आहे.