उजनी मायनसमध्ये असताना वाट कशी आखावी

पळसदेवच्या जुन्या गावठाणातल्या पळसनाथाच्या मंदिराकडे ऑक्टोबरात होडीने जावे लागते आणि एखाद्या कोरड्या वर्षी मे महिन्यात पायी. जागा तीच, नकाशावरचा ठिपकाही तोच. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, गाव वर महामार्गाकडे सरकले आणि मंदिर पाण्यात राहिले. धरण भरलेले असले की शिखर तेवढे दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र पाणी इतके उतरले की सगळे मंदिर उघडे पडले आणि लोक थेट आत जाऊन दर्शन घेऊन आले.

पायी चालायचे, पाणी आडवे आले की पाठीवरची होडी फुगवून ते ओलांडायचे आणि पलीकडे होडीची घडी घालून पुन्हा चालू लागायचे, या भटकंतीला आता जगभर पॅकराफ्टिंग म्हणतात. ही होडी दोन ते चार किलोची असते, पाठपिशवीत मावते आणि एका माणसाला सामानासकट पेलते. कल्पना मात्र जुनी आहे. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातले लेफ्टनंट पीटर हॅल्केट यांनी रबर चढवलेल्या कापडाचा असा झगा बनवला होता की एरवी तो अंगावर घालावा आणि नदी लागली की फुगवून त्याचीच होडी करावी. जॉन रे यांनी १८४६ च्या आर्क्टिक मोहिमेत हॅल्केट यांची होडी नेली होती. आपल्याकडे सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर नद्या ओलांडल्या जात, आणि सतलजच्या खोऱ्यात फुगवलेल्या कातड्यावर पालथे पडून माणसे पैलतीर गाठत. आजचा खेळ वाढला तो अलास्कात. १९८२ मध्ये तिथल्या रानावनातल्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत ५५ वर्षांच्या डिक ग्रिफिथ यांनी पिशवीतून छोटी हवेची होडी काढली आणि इतर स्पर्धक नदीकाठी उभे असताना ते पलीकडे गेले. तेव्हापासून ही होडी भटक्यांच्या सामानात रुळली.

अलास्कात किंवा हिमालयात हंगामाच्या सुरुवातीला, बर्फ अजून वितळायचे असताना अशी वाट आखणे सगळ्यात अवघड मानतात. आणि तिथे जे प्रश्न पडतात तेच उजनीच्या काठावर, बर्फाचा कणही नसताना पडतात. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, याचे उत्तर दोन्हीकडे तारखेवर अवलंबून असते. तिथून पुढे जाणे सुरक्षित आहे का, याचे उत्तर घड्याळावर.

आधी तारीख घेऊ. उजनी भरली म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. ती ४९१.०३ मीटरवर आली की वापरायचा साठा संपतो आणि मृतसाठा सुरू होतो. काठावरचे लोक या पातळीला शून्य धरतात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’, ‘उजनी प्लसमध्ये आली’ ही इथली रोजची भाषा आहे. ऊस उभा असलेल्या घरात हा आकडा भावाच्या आधी विचारला जातो. आता या दोन पातळ्यांमधले अंतर पाहा: अवघे ५.८ मीटर, म्हणजे जेमतेम दोन मजले. पण त्या दोन मजल्यांत ५३.५७ टीएमसी पाणी मावते. इतक्या थोड्या उंचीत इतके पाणी मावायचे तर ते पसरलेले असणार हे उघड आहे. साठ्याला उंचीने भागले तर सरासरी पसारा अडीचशे चौरस किलोमीटरहून जास्त निघतो. उजनी हे खोल दरीतले धरण नव्हे. भीमेच्या सपाट खोऱ्यावर पसरलेले हे उथळ पाणी आहे.

वाट आखणाऱ्याला याचा अर्थ पावलांत कळतो. काठाचा उतार दोनशेला एक असेल, तर पातळी दहा सेंटिमीटर उतरली की पाणी वीस मीटर मागे जाते. शंभर टक्क्यांवरून शून्यावर येईपर्यंत तोच काठ एक किलोमीटरहून जास्त आत सरकलेला असतो. काठावरचे शेतकरी हे दरवर्षी अंगाने अनुभवतात. पाणी हटेल तसे ते पाइप जोडत जातात, केबल वाढवतात, मोटारी पुढे पुढे नेतात. २०२४ मध्ये उजनी उणे ५९ टक्क्यांच्याही खाली गेली होती, एरवीच्या ६३.६६ टीएमसी मृतसाठ्यातलेही निम्मेच पाणी उरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले. जून-जुलैत दौंडकडून विसर्ग वाढू लागला की आज चाललेली वाट आठवड्याने पाण्याखाली असू शकते.

मग छापील नकाशावर विसंबायचे नाही, तर कशावर? इथे आकाशातून मदत मिळते. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह दर काही दिवसांनी पृथ्वीच्या त्याच पट्ट्याचे चित्र घेतात, दहा मीटरपर्यंतचा तपशील त्यात दिसतो आणि ही चित्रे कुणालाही फुकट पाहता येतात. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, म्हणून त्या पट्ट्यातल्या चित्रात ते काळे दिसते. ओली माती करडी आणि हिरवे पीक लख्ख उजळ. हिमालयातला वाटाड्या याच उपग्रहाकडून हिमरेषा शोधतो. बर्फ डोळ्यांना दिसणारा प्रकाश परतवतो, पण अवरक्तातल्या लांब लहरी शोषतो. ढग मात्र दोन्ही परतवतात, त्यामुळे ढग आणि बर्फ वेगळे काढता येतात.

उजनीवर ही युक्ती आणखी सोपी पडते, कारण इथे रोजची पातळी जाहीर होते. समजा, तुम्हाला जायचे त्या दिवशी धरण उणे वीसवर असेल असा अंदाज आहे. मागच्या दोन-तीन वर्षांत उजनी उणे वीसवर कोणत्या तारखेला होती ते शोधावे आणि त्या तारखेचे चित्र उघडावे. परवाचा काठ तुम्हाला आज दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी: जलपर्णीचा गालिचा उपग्रहाला हिरव्या शेतासारखा दिसतो. चित्रात जिथे जमीन वाटते तिथे पाणी असू शकते.

आणि जिथे जमीन आहे, तिथे ती पाय धरेल असे नाही. उजनीच्या उघड्या तळाकडे दोन मिनिटे नीट पाहावे. वरून कोरड्या पडलेल्या गाळाला पंचकोनी-षट्कोनी भेगा गेलेल्या असतात, कडा वर वळलेल्या असतात, पाय ठेवला तर करकरतात. काठापासून काही अंतर ही पापडी माणसाला सहज पेलते. शेतकरी तिथे गाळपेरही करतात. पुढे जावे तशी भेगांची रुंदी कमी होत जाते, रंग राखाडीवरून काळपट होतो, पापडी वाजेनाशी होते. भेगा संपल्या की थांबायचे. ही आपली काळी माती आहे. बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी थरांच्या आत ओढून फुगणाऱ्या चिकणमातीने भरलेली. ओली असताना तिचे कण पाण्याच्या पातळ थरावर एकमेकांवरून घसरतात. पाय आत जातो तेव्हा ती बाजूला सरते. पाय वर ओढायला गेले की खाली पोकळी होते, तिथे हवा शिरू शकत नाही आणि वरचा दाब पाय खाली धरून ठेवतो. झटके दिले की माती आणखी ढिली होते. म्हणून रुतलेल्याने ओढाताण न करता मागे रेलावे, वजन पसरावे, पाय हळूहळू गोल हलवून बाजूने हवा-पाणी आत जाऊ द्यावे. अशा वेळी पाठीवरची फुगवलेली होडी चिखलावर आडवी टाकली तर तिच्यावर पोट टेकून बाहेर येता येते. मऊ बर्फात कमरेपर्यंत रुतणाऱ्याचीही सुटका वजन पसरूनच होते.

बर्फ आणि वेळ यांचे नाते मराठी ट्रेकर मंडळींना ठाऊक आहे. हिमाचलातल्या सार पासला मे महिन्यात गेलेल्या कुणालाही विचारा, शेवटच्या चढाला पहाटेच्या अंधारातच का निघावे लागले. निरभ्र रात्री बर्फाची उष्णता आकाशात निघून जाते, पृष्ठभाग गोठून टणक होतो आणि माणसाचे वजन पेलतो. दहा-अकरानंतर तोच बर्फ भुसभुशीत होतो. ओढ्यांवर तयार झालेले बर्फाचे पूल खालून पाण्याने पोखरलेले असतात. पहाटे त्यावरून जाता येते, दुपारी तो भरवसा राहत नाही. बर्फ वितळून येणारे पाणीही उन्हाच्या मागोमाग चढते, त्यामुळे सकाळी गुडघाभर असलेला ओढा संध्याकाळी छातीला लागतो. होडीत बसायचे असेल तर शून्याजवळच्या तापमानाचे ते पाणी आणखी एक अट घालते. त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिला मिनिटभर ताब्यात राहत नाही आणि साधारण दहा मिनिटांत हात-पाय कामातून जातात.

वेळेचा हा हिशेब उजनीला दरवर्षी येणारा एक पाहुणा आपल्यापेक्षा चांगला करतो. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव परिसरात पट्टकदंब उतरतात: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. उन्हाळा लागण्याआधी ते हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे जातात. भारतात हिवाळा काढणाऱ्या काही पट्टकदंबांना उपग्रह-यंत्रे बसवून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा डोंगरउतारावरून वर चढणारे वारे असतात. पक्षी त्यांचा आयता फायदा घेत असतील असा समज होता. नोंदी उलट निघाल्या. पट्टकदंब रात्री आणि पहाटे उडत होते. तेव्हा हवा थंड, म्हणून दाट असते. पंखांना पकड मिळते, शरीर तापत नाही आणि मुख्य म्हणजे हवा शांत असते. फुकटच्या वाऱ्यापेक्षा खात्रीची हवा त्यांनी पसंत केली. त्यांची सर्वाधिक उंचीची नोंद ७,२९० मीटरची आहे, पण बहुतेक प्रवास साडेपाच हजार मीटरच्या खालीच होतो, दऱ्याखोऱ्यांच्या चढउताराला धरून. आकाशात सरळ रेष मोकळी असतानाही ते जमिनीला धरून जातात. मला या पक्ष्यांची ही गोष्ट त्यांच्या उंचीच्या विक्रमापेक्षा जास्त मोलाची वाटते.

उजनीवरही खात्रीची हवा सकाळीच मिळते. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या जमिनीवरून वर चढलेल्या हवेचे दुपारनंतर ढग होतात. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धा वाटेतच विरतो. विरताना तो भोवतालची उष्णता घेतो. थंड झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. वळवाच्या पावसाआधी फुफाटा उडवत येणारे वारे ते हेच. ढग अजून लांब दिसत असतो, डोक्यावर ऊन असते आणि वारा पोहोचलेला असतो.

मोकळ्या पाण्यावर या वाऱ्याला अडवायला काही नाही. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर, तो किती वेळ वाहिला यावर आणि त्याला किती लांब पाणी मोकळे मिळाले यावर ठरते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा पाच किलोमीटर पाण्यावरून वाहत राहिला तर फूटभराच्या वरच्या लाटा उठतात; पाणी उथळ असल्याने त्या आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. शांत पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर जाणारी पॅकराफ्ट अशा वाऱ्यासमोर पुढे जाऊच शकत नाही. ती हलकी असते, तिचा तळ सपाट असतो. वारा नेईल तिकडे ती जाते. म्हणून उजनीवर आखलेली वाट पाणी सरळ कापणारी नसावी. पट्टकदंब जसे दरी धरतात तसा काठ धरावा, पाणी ओलांडायचेच तर सगळ्यात अरुंद जागी, सूर्य उगवल्यानंतर लगेच, आणि नऊ-दहाच्या आत होडी पिशवीत गेलेली असावी. उरलेला दिवस चालण्याचा. मे महिन्यात तोही सावली पाहून, आणि प्यायचे पाणी घरून घेऊन. मुळा-मुठेतून येणारे पुण्याचे सांडपाणी याच जलाशयात उतरते. गाळून-उकळूनही ते भरवशाचे नाही.

पाण्याखाली काय आहे हे मात्र उपग्रह सांगत नाही. जुन्या विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती, वेडी बाभूळ, मोटारींच्या केबल, चिलापीसाठी लावलेली जाळी: हवेच्या होडीला यातले काहीही फाडू शकते किंवा अडकवू शकते. ही माहिती फक्त मच्छीमारांकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तर नाहीच.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. एक जण पोहून काठाला लागला. ही माणसे भटकंतीला निघालेली नव्हती. धरणाने दोन तालुक्यांच्या मधे पाणी आणले, रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने येतात-जातात.

हौशी माणूस आभाळ पाहून बेत रद्द करू शकतो. कुगाव-कळाशीच्या प्रवाशाला दवाखाना, लग्न, परीक्षा, मजुरी यांच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि परतीची होडी बहुधा दुपारनंतरचीच असते, नेमकी वाऱ्याच्या वेळेची. भारतीय हवामान विभाग पुढच्या तीन तासांतल्या वादळाचे इशारे जिल्हावार देतो. पुण्यातल्या आयआयटीएम या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देते. ही माहिती पॅकराफ्ट घेऊन येणाऱ्या शहरी भटक्याच्या खिशात असते. ती होडीच्या घाटावर, तिकीट घेणाऱ्याच्या हातात असली पाहिजे. प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असले पाहिजे, आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर इशारा असेल तर होडी सोडायची नाही असा ठाम नियम, होडीवाल्याच्या बुडालेल्या फेरीच्या भरपाईसकट, दोन्ही काठांवर लागू झाला पाहिजे. पुढचा मे येण्याआधी एवढे करायला नवे संशोधन लागत नाही.